०.५३ टेराहर्ट्झचं शिखर कुणाचं? साताऱ्यातल्या एका एम.एस्सी. प्रकल्पाची हकिकत

प्रकल्पाच्या पहिल्या मसुद्यात एकतिसाव्या पानावर एक वाक्य होतं : ‘०.५३ टेराहर्ट्झला दिसणारं शिखर हे लॅक्टोजच्या दोन कड्यांमधल्या पिळाच्या हालचालीचं आहे.’ (टेराहर्ट्झ हे लहरींच्या वारंवारतेचं माप; शिखर म्हणजे आलेखावरची ती जागा, जिथे नमुना लहरी जोरात शोषतो.) त्या पानाच्या समासात मी ‘ठीक’ असं लिहून सही केली आहे. त्यामुळे ही चूक विद्यार्थिनीच्या गळ्यात घालून मोकळं व्हायची सोय मला नाही. पुढे तीन महिन्यांनी ते वाक्य आम्ही दोघांनी समोरासमोर बसून खोडलं. ते कसं लिहिलं गेलं आणि कशामुळे खोडावं लागलं, हे सविस्तर मांडतोय. छोट्या कॉलेजातून मोठ्या यंत्रापर्यंत नमुने घेऊन जाणाऱ्या इतरांनाही त्यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल.

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. तिचे काका राजवाड्याजवळ एका पेढ्यांच्या दुकानात भट्टी सांभाळतात. प्रकल्पाचा विषय तिथूनच आला. कंदी पेढा बरेच दिवस राहिला की जिभेला रवाळ लागायला लागतो. काका म्हणतात, “पेढ्यानं कणी धरली.” ही कणी कसली, असा तिचा प्रश्न होता.

उत्तर पुस्तकात आहे. साखर पाण्यात भरपूर विरघळते, शंभर ग्रॅम पाण्यात दोनशे ग्रॅम. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तेवढ्याच पाण्यात साधारण वीस ग्रॅमच विरघळते. खव्यात पाणी मुळातच कमी, त्यामुळे लॅक्टोज हळूहळू स्फटिक होऊन बाहेर पडतो. स्फटिक साधारण ३० मायक्रॉनच्या वर गेले की जिभेला कळतात. आइस्क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क करणाऱ्यांची हीच डोकेदुखी. खोलीच्या तापमानाला बाहेर पडणारा हा स्फटिक बहुतेक करून अल्फा-लॅक्टोज मोनोहायड्रेटचा असतो. लॅक्टोजच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू त्यात बांधलेला, वजनाच्या पाच टक्के.

तिने कुठेतरी वाचलं होतं की हा स्फटिक टेराहर्ट्झ लहरींमध्ये फार स्वच्छ शिखरं देतो. इतकी स्वच्छ, की अनेक प्रयोगशाळा आपलं यंत्र नीट चालतंय का हे लॅक्टोजची वडी ठेवूनच तपासतात. “सर, मग पेढ्यातला लॅक्टोज हलतो कसा, ते सरळ पेढ्यातच बघता येईल ना?” असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. ही पहिली घाई.

रेणू हलतो म्हणजे काय

लॅक्टोजचा रेणू दोन कड्यांचा. एक गॅलॅक्टोजचं, एक ग्लुकोजचं, आणि मध्ये एका ऑक्सिजनचा पूल. कडी स्वतः बऱ्यापैकी ताठ असतात, पण पुलाच्या दोन बंधांभोवती ती एकमेकांच्या तुलनेत वळू शकतात. दोन पळ्या एकाच कडीत अडकवून टांगल्या तर जशा हलतील, तसं काहीसं. या दोन वळणांच्या कोनांना फाय आणि साय म्हणतात. शिवाय प्रत्येक कड्याच्या टोकाला एकेक लोंबता गट आहे, तोही गिरकी घेतो. रेणू लवचिक आहे असं म्हणतात ते या अर्थाने.

बंध ताणला जाण्याची कंपनं फार जलद असतात. कार्बन-ऑक्सिजनचा ताण ३० टेराहर्ट्झच्या आसपास, ऑक्सिजन-हायड्रोजनचा १०० टेराहर्ट्झच्या घरात. ती आमच्या कॉलेजच्या इन्फ्रारेड यंत्रावर दिसतात. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एकावर बारा शून्यं इतकी कंपनं, तरंगलांबी ०.३ मिलिमीटर. अख्खं कडं दुसऱ्या कड्याभोवती वळायचं तर हलणारा भाग जड आणि त्याला मागे ओढणारा जोर क्षीण, म्हणून ही हालचाल संथ होते आणि तीनएक टेराहर्ट्झच्या खाली येऊन पडते. ०.५३ टेराहर्ट्झ म्हणजे एका झोक्याला १.९ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). खोलीतल्या नुसत्या उष्णतेची ऊर्जा मोजली तर ती सहा टेराहर्ट्झच्या तोडीची भरते. त्यामुळे हे झोके कुणी द्यावे लागत नाहीत, ते सदोदित चालूच असतात.

इथपर्यंत आम्हाला दोघांनाही नीट समजलं होतं. त्याच पट्ट्यात आणखी कोण कोण राहतं, याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता.

पहिली फेरी : जुलै

साताऱ्यात असलं यंत्र नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने दोन तासांचा वेळ दिला. नमुने इथेच करून न्यायचे होते. आमच्या हाताला इन्फ्रारेडची सवय, वडी म्हटलं की केबीआर. तिने पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये लॅक्टोज खलून काचेसारख्या पारदर्शक चार वड्या दाबल्या. फारच देखण्या झाल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी पुण्याहून फोन आला, “सर, वड्या कशात केल्यात?” सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता पसरली. केबीआरच्या स्फटिकाचं स्वतःचं कंपन ३.४ टेराहर्ट्झच्या आसपास असतं आणि त्याच्या शोषणाचा उतार खाली दूरपर्यंत येतो. डोळ्याला पारदर्शक असलेली वडी या लहरींना धुरकट काचेसारखी. इथे पॉलिथिनची पूड लागते, नाहीतर टेफ्लॉन. पॉलिथिनची वडी दिसायला खडूसारखी पांढरी, पण टेराहर्ट्झ तिच्यातून सहज पार जातात. पूड त्यांच्याकडेच होती, प्रेसही होता. आम्ही कोरडा लॅक्टोज आणि एका डबीत चार पेढे घेऊन पहाटेच्या एसटीने निघालो.

यंत्राची कल्पना साधी आहे, यंत्र मात्र साधं नाही. लेसरचा एक अतिलघू झोत, शंभरएक फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग), दोन वाटांनी फोडतात. एक वाट एका अर्धवाहकावर आदळून टेराहर्ट्झचा ठोका निर्माण करते. तो ठोका नमुन्यातून जातो. दुसरी वाट शोधकापाशी जाऊन क्षणभर दार उघडल्यासारखं करते आणि त्या क्षणी विद्युतक्षेत्र किती होतं तेवढंच नोंदलं जातं. मग एक आरसा जरासा सरकवायचा, दार थोडं उशिरा उघडतं, पुढचा बिंदू मिळतो. आरसा एक मिलिमीटर सरकला की प्रकाशाला दोन मिलिमीटर जादा चालावं लागतं, म्हणजे ६.७ पिकोसेकंदांचा उशीर. असे बिंदू जोडून वेळेनुसार ठोक्याचा आकार मिळतो आणि फूरियेचं गणित करून त्यातून वर्णपट काढतात. खुद्द क्षेत्रच मोजलेलं असल्यामुळे शोषण आणि अपवर्तनांक दोन्ही एकाच मोजणीत हाती येतात.

पेढ्याचं काम दहा मिनिटांत आटोपलं. दोन प्लास्टिकच्या पत्र्यांमध्ये दाबलेला पेढ्याचा थर दीड मिलिमीटरचा होता आणि पलीकडे जवळजवळ काहीच पोचलं नाही. पाणी या लहरींना भयंकर गिळतं. एक टेराहर्ट्झला पाण्याचा नुसता ०.१ मिलिमीटरचा थर असला तरी जेमतेम दहावा हिस्सा पार होतो. खव्यात पाणी आहे, वर तूप आणि कणांवरून होणारं विखुरणं. उरलेले तीन पेढे तिथल्या मंडळींनी खाल्ले, आणि त्या दिवसाची सर्वांत यशस्वी चाचणी ती ठरली.

शुद्ध लॅक्टोजच्या एक मिलिमीटरच्या वडीचा वर्णपट मात्र भरगच्च आला. ०.५४, ०.७५, ०.९९, १.१०, १.१८, १.३९, १.६७, १.७२. आठ शिखरं! (प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘पीक’ म्हणतात, आमच्याकडे पीक म्हटलं की डोळ्यांसमोर ऊस येतो आणि आठ पिकांचा आनंद तसाच झाला.) परतीच्या गाडीत खंबाटकी येईपर्यंत तिने वहीत प्रत्येक शिखरापुढे एकेका हालचालीचं नावही लिहून टाकलं होतं.

दोन दिवसांनी पुण्याच्या संशोधकाला आलेख पाठवला. त्याचा एका ओळीचा निरोप आला : “सर, यातला बराचसा पाऊस आहे.”

झालं होतं ते असं. पाण्याच्या वाफेच्या या पट्ट्यात सुईसारख्या रेषा आहेत : ०.५५७, ०.७५२, ०.९८८, १.०९७, १.११३, १.१६३, १.२०८, १.४११, पुढे १.६७ आणि १.७२च्या जवळ. टेराहर्ट्झची ही पद्धत नवी होती तेव्हाच, १९८९ साली, व्हॅन एक्स्टर, फॅटिंगर आणि ग्रिशकोव्स्की यांनी ०.२ ते १.४५ टेराहर्ट्झमधल्या वाफेच्या नऊ ठळक रेषा तिने मोजून दाखवल्या होत्या. म्हणून यंत्राची पेटी कोरड्या नायट्रोजनने भरतात. रिकाम्या पेटीची मोजणी आम्ही कोरड्या हवेतच केली. मग झाकण उघडलं, वडी ठेवली, झाकण लावलं आणि हवा पुन्हा कोरडी व्हायची वाट न बघता पुढची मोजणी सुरू केली, कारण संध्याकाळची गाडी गाठायची होती. दोन्ही मोजण्यांत हवा सारखीच ओली असती तर भागाकारात वाफ कटली असती. एकीत कोरडी, दुसरीत जुलैची. मग वाफ नमुन्याच्या नावावर जमा झाली.

यात खरी फसवी गोष्ट पहिल्या शिखराची होती. लॅक्टोजचं खरं शिखर ०.५३ला, वाफेची रेषा ०.५५७ला. अंतर ०.०२७ टेराहर्ट्झ. आम्ही २० पिकोसेकंदांपर्यंतच मोजलं होतं आणि त्यातून मिळणारा बारकावा एक भागिले वीस, म्हणजे ०.०५ टेराहर्ट्झ. दोन्ही मिळून ०.५४ला एकच उंचवटा झाला होता. १.१८ आणि १.३९चंही तसंच, दोघांच्या मधोमध काढलेल्या सरासऱ्या. पावणेदोन टेराहर्ट्झच्या खाली या स्फटिकाची ठळक शिखरं तीनच आहेत : ०.५३, १.१९ आणि १.३७. वहीतल्या आठांपैकी पाचांना आम्ही लॅक्टोजच्या हालचालींची जी नावं दिली होती, ती वाऱ्यावर गेली.

मग जास्त वेळ का मोजू नये? कारण वडीतला प्रतिध्वनी. ठोका वडीच्या मागच्या पृष्ठावरून परत फिरतो, पुढच्यावर आपटून पुन्हा निघतो आणि उशिरा पोचतो. एक मिलिमीटरच्या वडीत, अपवर्तनांक दीड धरला, तर हा उशीर बरोबर १० पिकोसेकंद, म्हणजे पहिला प्रतिध्वनी आमच्या २० पिकोसेकंदांतही होताच. तो मोजणीत आला की वर्णपटावर दर ०.१ टेराहर्ट्झला एक लाट उमटते आणि तीही नवख्याला शिखरासारखीच दिसते. उपाय साधा निघाला : वडी जाड करायची. तीन मिलिमीटरच्या वडीत प्रतिध्वनी ३० पिकोसेकंदांनी येतो, तोवर निर्धास्त मोजता येतं. तेरा मिलिमीटरच्या साच्यात ४० मिलिग्रॅम लॅक्टोज आणि ३६० मिलिग्रॅम पॉलिथिन घातलं की तेवढी जाडी होते. लॅक्टोज आधी खलबत्त्यात बारीक करायचा, कण तरंगलांबीच्या मानाने खूप लहान हवेत, नाहीतर विखुरण्याने वर्णपटाचा डावा-उजवा तोलच जातो. पण फार जोर लावून खलायचंही नाही. त्याचं कारण पुढे येईल.

ऑगस्टमधली दुसरी फेरी आम्ही मुक्कामाची केली. प्रत्येक वेळी झाकण लावल्यावर अर्धा तास थांबलो. तीन शिखरं आली, स्वच्छ. मधली जमीन सपाट.

ते वाक्य

आता शिखरांना नाव द्यायचं होतं. विभागातल्या संगणकावर तिने लॅक्टोजचा एक रेणू उभा केला आणि घनता-फलनाच्या पद्धतीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूची ऊर्जा काढणाऱ्या गणिताने) त्याची कंपनं काढली. रेणूत ४५ अणू, त्यामुळे तीन गुणिले ४५ वजा ६, अशी १२९ कंपनं. त्यातली सर्वांत खालची पाच-सहा आपल्या पट्ट्यात पडली आणि त्यांतलं एक ०.५३च्या अगदी शेजारी. पडद्यावर त्याची हालचाल चालवून पाहिली तर दोन्ही कडी पुलाभोवती डौलात वळत होती. ज्या हालचालीच्या शोधात निघालो होतो तीच. तिने वाक्य लिहिलं, मी ‘ठीक’ लिहिलं.

मला तेव्हा खटकायला हवं होतं. पावणेदोन टेराहर्ट्झच्या टप्प्यात पाच-सहा आकडे टाकले तर तीन शिखरांपैकी एखाद्याच्या जवळ कुणीतरी पडणारच. शिवाय गणिताच्या आकड्यांना नेहमीचा गुणक लावून थोडं खाली सरकवलं होतं, तो गुणक तर ताणाच्या जलद कंपनांसाठी ठरवलेला असतो. उरलेली दोन शिखरं नीट जुळत नव्हती, त्यावर मसुद्यात ‘किंचित फरक’ एवढंच होतं. पण पडद्यावरची ती वळणारी कडी बघितल्यावर माणूस शंका घेत नाही.

विभागात सादरीकरण झालं तेव्हा भौतिकशास्त्राच्या एक मॅडम मागे बसल्या होत्या. त्यांनी स्फटिकाच्या घराबद्दल, म्हणजे त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान चौकटीबद्दल, शांतपणे विचारलं, “स्फटिकाच्या एका घरात लॅक्टोजचे रेणू किती?”

“दोन, मॅडम. आणि पाण्याचे दोन.”

“मग तुझ्या गणितात एकच कसा?”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी आलेखाकडे.

घरातले बाकीचे

या प्रश्नातच प्रकरणाचं मूळ आहे. एकटा रेणू पोकळीत असला की तो अख्खाच्या अख्खा कुठेही सरकू शकतो, कसाही गरगरू शकतो. त्याला अडवणारं कुणी नाही, म्हणून या सहा हालचालींना कंपन म्हणत नाहीत, गणितातून वजाच करतात. आम्ही वजा केलेले ते सहा हेच. स्फटिकात मात्र चारी बाजूंनी शेजारी. लॅक्टोजवर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी आहे, प्रत्येक गट शेजाऱ्याचा किंवा बांधलेल्या पाण्याचा हात धरून बसलेला. रेणू सरकू पाहतो, शेजारी मागे खेचतात. फिरू पाहतो, परत ओढला जातो. वजा केलेल्या हालचाली इथे झोके होऊन परत येतात. हे हायड्रोजन-बंध क्षीण आणि हलणारा रेणू जड, त्यामुळे हे झोकेही तीन टेराहर्ट्झच्या खालीच पडतात, नेमके पिळाच्या हालचालींच्या वस्तीत.

हिशोब फळ्यावर मांडला. एका घरात दोन लॅक्टोज आणि दोन पाणी, मिळून ९६ अणू, २८८ वजा ३ म्हणजे २८५ कंपनं. त्यांपैकी चार रेणूंच्या सहा-सहा हालचालींतून ३ वजा करून २१ कंपनं निव्वळ रेणूंनी एकमेकांच्या संदर्भात डोलण्याची. तिच्या गणितात या २१ जणांपैकी एकालाही जागा नव्हती. आणि शिखर मात्र त्यांच्यापैकीच कुणाचं तरी, असा संशय आता आला.

हे काही नवं नव्हतं, आम्ही वाचलं नव्हतं इतकंच. अख्खा स्फटिक धरून लॅक्टोज मोनोहायड्रेटचं गणित २००७ साली प्रसिद्ध झालेलं आहे आणि त्यात खालची शिखरं मुख्यतः स्फटिकात अडकलेल्या अख्ख्या रेणूच्या डोलण्याकडे बोट दाखवतात. लवचिक रेणूंच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. डोलणं आणि पीळ यांच्या वारंवारता जवळ असल्या की ती एकमेकांत मिसळतात. रेणू डोलता डोलता थोडा वाकतोही. ताठ रेणूला ‘बाहेरचं’ आणि ‘आतलं’ कंपन वेगळं काढता येतं, लवचिकाला ती रेघ पुसट होते.

काचेची परीक्षा

वाचलेलं उतरवून काढून प्रकल्प संपवता आला असता. तिने ते केलं नाही, आणि मला या प्रकरणात सर्वांत आवडलेला भाग हाच. तिचं म्हणणं असं : शिखर जर दोन कड्यांमधल्या पिळाचं असेल, तर कडी आणि पूल शाबूत असलेल्या कुठल्याही लॅक्टोजमध्ये ते या ना त्या रूपात दिसायला हवं. शेजाऱ्यांच्या रचनेचं असेल, तर रचना मोडली की गेलं पाहिजे.

रेणू न मोडता रचना मोडायची कशी? पाण्यात विरघळवता येतो, पण पाणीच लहरी गिळतं. वितळवायला जावं तर लॅक्टोज करपतो. शेजारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागात फ्रीझ-ड्रायर होता. लॅक्टोजचं पाणी गोठवून, निर्वातात सुकवून तिने कापसासारखी हलकी पूड मिळवली. ही काच : रेणू तेच, पण अस्ताव्यस्त गोठलेले. खलताना फार जोर लावायचा नाही म्हटलं ते याचसाठी. जबर खलण्यानेही स्फटिकाची रचना मोडून अशी काच होते आणि शिखर विनाकारण बुटकं होतं.

एक आक्षेप तिने स्वतःच काढला. पाण्यात लॅक्टोजची अल्फा आणि बीटा रूपं एकमेकांत बदलत राहतात आणि समतोलाला सुमारे ३७ टक्के अल्फा, ६३ टक्के बीटा उरतं. म्हणजे काचेतला बराचसा लॅक्टोज आता अल्फा नाही. बरोबर. पण दोन कड्यांमधला पूल दोन्ही रूपांत तोच आहे, फरक ग्लुकोजच्या दुसऱ्या टोकाला. आणि नुसत्या अल्फाचं शिखर असतं तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त उरायला हवं होतं.

सप्टेंबरची फेरी. डेसिकेटरमधून (ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढून घट्ट बुचाच्या बाटल्यांत, निळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह नमुने नेले. वडीचा वर्णपट आला तो नुसता चढ. डावीकडून उजवीकडे शोषण सावकाश वाढत गेलेलं, ०.५३ला साधा खड्डा-उंचवटाही नाही. कोपनहेगन किंवा केंब्रिजमध्ये असलं काही करून झालं असणार, हे ठाऊक होतं. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि साखरेवर स्फटिक आणि काच अशी तुलना २००३ सालीच प्रसिद्ध आहे आणि तीत हेच दिसतं. तरीही आपल्या हाताने केलेल्या पुडीचा तो सपाट चढ बघताना वेगळं वाटतं.

यानंतरचा भाग ठरवलेला नव्हता. राहिलेली पूड तिने साताऱ्यात घड्याळकाचेवर उघडी ठेवली आणि तासातासाला वजन केलं. बाहेर पाऊस. संध्याकाळपर्यंत वजन चढत गेलं, काच हवेतलं पाणी ओढत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन उतरलेलं आणि पुडीचा कडक खडा झालेला. कोरडी लॅक्टोजची काच १०० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत गोठलेलीच राहते. पाणी शिरलं की हे तापमान घसरतं आणि खोलीच्या तापमानालाच रेणू हलायला मोकळे होतात, रांगेत बसतात, स्फटिक होतो आणि स्फटिकात न मावणारं पाणी बाहेर टाकलं जातं. वजन उतरलं ते म्हणून.

तो खडा खलून पुढच्या फेरीत वडी केली. ०.५३चं शिखर परत आलेलं. मूळ नमुन्यापेक्षा बुटकं, कारण बीटाचा वाटा वेगळ्या स्फटिकांत गेला होता. पण जागा तीच.

काकांना तिने हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पेढ्यानं कणी धरली तशी तुझ्या पुडीनं धरली.” मला यात दुरुस्ती सुचली नाही.

मग लवचिकपणा कुठे दिसला?

प्रामाणिकपणे सांगायचं तर काचेचा उघड्यावर स्फटिक झाला, तिथे दिसला. कडी वळल्याशिवाय रेणू रांगेत बसत नाहीत. पण ती हालचाल तासांच्या हिशोबाची, पिकोसेकंदांची नव्हे. काचेच्या त्या सपाट चढातही पीळ असणारच. प्रत्येक रेणूचा कोन थोडा वेगळा, शेजारी वेगळे, त्यामुळे प्रत्येकाचा सूर वेगळा आणि सगळे मिळून गलका. त्यातून एक सूर उचलून ‘हा पीळ’ म्हणता येत नाही.

पाण्यातल्या लॅक्टोजवरचं एक काम या निमित्ताने वाचनात आलं ते सांगायलाच हवं. जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने २००६ साली दाखवलं की लॅक्टोजच्या रेणूभोवती पाच अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) थोडं पुढेपर्यंत पाण्याची हालचाल मंदावलेली असते आणि त्या वेढ्यात पाण्याचे सुमारे १२३ रेणू येतात. त्यांनी लॅक्टोजचा सूर शोधलाच नाही, पाण्याचं शोषण किती बदललं ते मोजलं. पाणी लहरी गिळतं म्हणून आम्ही हात झटकले होते, त्यांनी त्या गिळण्याचंच मोजमाप केलं.

प्रकल्पाच्या शेवटच्या प्रतीत एकतिसाव्या पानावर आता असं आहे : ‘०.५३ टेराहर्ट्झचं शिखर अल्फा-लॅक्टोज मोनोहायड्रेटच्या स्फटिकरचनेशी बांधलेलं आहे. त्यात रेणूच्या अंतर्गत पिळाचा वाटा किती, हे या मोजण्यांवरून वेगळं काढता येत नाही.’ आधीच्यापेक्षा लांब आणि कमी दिमाखदार वाक्य. एकट्या रेणूचं गणित परिशिष्टात ठेवलं, त्यात का जुळत नाही याच्या टिपणासह. आठ शिखरांचा पहिला आलेखही तिने आग्रहाने आत घातला आणि खाली लिहिलं, ‘जुलै, दमट’.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत अर्धा वेळ त्याच आलेखावर घालवला. जुना मसुदा माझ्या कपाटात आहे, समासातल्या सहीसकट. केबीआरच्या त्या चार देखण्या वड्याही डेसिकेटरमध्ये अजून तशाच आहेत; इन्फ्रारेडला चालतील.